रंगीत तालीम

अकरा वाजता भोंगा होणार होता,
झाला अकरा वीसला.
तहसीलदारांची जीप उतारावर
बर्फाच्या टेम्पोमागे अडकली होती.

बावीस वर्षं मी देवगड बंदरात
भरती-ओहोटीची पट्टी वाचतो, वहीत आकडा लिहितो,
म्हणून कर्णा माझ्या हातात आला.
"खवणेकर, तीन मिनिटांत सांगा, लोकांना कळेल असं."
कागदावर छापलं होतं: भूपट्ट, उत्थापन, ऊर्जेचे संक्रमण.
मी तो घडी घालून खिशात टाकला.

म्हटलं, पावसात फुगलेलं दार आठवा.
चौकटीत रुतून बसतं.
तुम्ही खांदा लावता, रोज थोडा जोर,
दार सरकत नाही, फक्त वाकतं,
आणि एके दिवशी सुटतं
ते मागची घागर उलथवूनच.
तसं एक दार आहे वायव्येला,
मकरानच्या किनाऱ्यासमोर, समुद्राच्या तळाशी.
एक जमीन दुसरीच्या पोटाखाली शिरते आहे,
वर्षाला बोटाच्या एका पेराइतकी.
शिरते म्हणजे शिरायला बघते.
वरच्या जमिनीची कड तिच्यात अडकलेली,
तीही खाली ओढली जाते, वाकत राहते,
आपल्या पणज्यांपासून वाकते आहे.
सुटली की कड उसळते
आणि डोक्यावरचं सगळं पाणी, कोसभर खोल,
एकदम उचललं जातं.

वारा समुद्राचं नुसतं कातडं हलवतो.
आषाढातली लाट कितीही ओरडली तरी
खोल तळातल्या खेकड्याला तिची खबर नसते.
या वेळी खबर आधी खेकड्याला.

मग ती निघते, विमानाच्या वेगाने,
पण भर दर्यात उंची हातभर
आणि लांबी इथून कोल्हापूरपर्यंत.
ट्रॉलरवरच्या कपातला चहा सांडणार नाही.

आता रापण आठवा.
बाहेर ती सैल, ऐसपैस,
माशाला वाटतं आपण मोकळेच.
किनारा लागतो तसं पुढचं मंदावतं,
मागचं मात्र येतच राहतं, पुढच्यावर चढतं.
ही रापण ओढायला कुणी नसतं, एवढाच फरक.
आणि पुळणीवर मासळीच्या जागी आपण.

कधी आधी पाणी मागे जातं.
नेहमीच नाही, हे ध्यानात ठेवा.
भरतीच्या वेळेला खडक उघडे पडले,
कालवं उन्हात चमकली,
तर कोयती घेऊन खाली धावू नका.
पाठ फिरवा. सड्यावर.
पहिली गेली म्हणून उतरूही नका,
मागाहून येणारी मोठी असू शकते.

आनशी तांडेल सुकत घातलेल्या बांगड्यांपाशी
काठी घेऊन बसली होती.
"येळ किती गावतलो?"
म्हटलं, तिथून सुटली तर चार-पाच तास.
"मगे चार तासांनी उठतंय. आता कावळे इलेत."
लोक हसले. तहसीलदारही.

सड्यावर माणसं मोजली, दोनशे बारा.
शिवाय एक शेळी, रिझवाना सोलकरची,
तिच्याशिवाय ती चढायलाच तयार नव्हती.
करवंदीच्या जाळीत कुणाचा तरी मोबाईल पडला,
अर्धा तास सगळे तोच शोधत होते.
खाली बंदर स्वस्थ,
आणि बांगड्यांवर एक काठी
मध्येच हललेली दिसायची.

उतरल्यावर आनशीने थांबवलं.
"आमच्या दाराक दर दिवाळीक रंधो मारतंव.
त्या दाराक कोण मारतलो?"
मी म्हटलं, कुणी नाही.
"मगे," म्हणाली,
आणि एकेक बांगडा परतू लागली.

वहीत लिहिलं: दुपारी एक,
एक मीटर बासष्ट, पाणी शांत.

संध्याकाळी कार्यालयात विसरलेला चष्मा आणायला गेलो.
दसरा उलटला तरी तिथलं दार फुगलेलंच,
रोज खांद्याने ढकलतो.
आज खांदा लावला
आणि तसाच उभा राहिलो जरा.
दारामागे पाण्याचा माठ आहे.